गडातला ‘ड’ कुठे गेला? गडनोंदींचा एपीआय, भाग ३

मागच्या भागात ऑफलाइन पानाचा, म्हणजे नेट नसतानाही उघडणाऱ्या पानाचा, सांगाडा उभा केला होता. या खेपेला त्या पानाला लागणारी यादी घेतली. माझ्या वर्डप्रेसवर (ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर) गडभेटींच्या नोंदी आहेत. त्यांचे सगळे वर्ग, सगळे टॅग आणि मी स्वतः जोडलेली ‘गडप्रकार’ ही टॅक्सॉनॉमी, म्हणजे वर्गीकरण (गिरिदुर्ग, जलदुर्ग, भुईकोट वगैरे) हे सगळं एकाच रिक्वेस्टमध्ये हवं होतं, कारण पायथ्याच्या गावात रेंजची एक काडी असली तरी यादी उतरायला हवी. एन्डपॉइंट, म्हणजे ज्या वेब-पत्त्यावर मागितलं की ही यादी मिळते तो पत्ता, एका संध्याकाळी झाला. यादी बरोबर यायला मात्र तीन शनिवार-रविवार गेले.

वर्डप्रेसमध्ये हे तयार असताना नवीन कशाला, असं कुणी विचारेलच. वर्ग आणि टॅग यांचे एन्डपॉइंट ४.७ पासून, म्हणजे डिसेंबर २०१६ पासून आहेत. मीही आधी तिथेच गेलो. पहिल्या फेरीत १० टॅग आले आणि माझ्या पोटात गोळा, बाकीचे उडाले की काय! उडाले नव्हते. न सांगता १० मिळतात, मागून घेतले तर एका पानावर जास्तीत जास्त १००. माझ्याकडे टॅग १४३, कारण प्रत्येक गडाला एक टॅग. म्हणजे टॅगसाठीच दोन फेऱ्या, वर्गांसाठी तिसरी, गडप्रकारासाठी चौथी. गडप्रकार तर सुरुवातीला येतच नव्हता. टॅक्सॉनॉमी नोंदवताना ‘शो इन रेस्ट’ खरं करायचं राहून गेलं होतं. उत्तरातली नको ती फील्ड्स छाटता येतात, पण फेऱ्या काही कमी होत नाहीत.

म्हणून स्वतःचा रूट. ‘रेस्ट एपीआय इनिट’ या हुकवर (वर्डप्रेस जिथे आपला कोड अडकवू देतं ती जागा) ‘रजिस्टर रेस्ट रूट’, आत टर्म (एकेक वर्ग, टॅग किंवा गडप्रकार) काढणारं ‘गेट टर्म्स’, बाहेर जेसन या मजकुराच्या रूपात यादी. यादी सगळ्यांसाठी खुली असली तरी परमिशन कॉलबॅक (कुणाला बघू द्यायचं ते ठरवणारं फंक्शन) लिहायचाच. ५.५ पासून तो नसेल तर वर्डप्रेस डीबग लॉगमध्ये कुरकुर करतं. आणखी एक गोष्ट माझ्यासारख्या विसरभोळ्यांसाठी. ‘गेट टर्म्स’ हे फंक्शन रिकाम्या (एकही नोंद नसलेल्या) टर्म आपणहून लपवतं, तर तयार एन्डपॉइंट त्या दाखवतो. दोन्हींचे आकडे जुळवत बसलो होतो तेव्हा हे कळलं.

आता खरी गंमत.

डेटाबेसमधून नावाप्रमाणे लावून आलेल्या यादीत काळदुर्ग आधी आणि कावनई नंतर येत होता. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, त्यामुळे कावनई आधी हवा. पण युनिकोडच्या सर्वसाधारण क्रमात ळ हा ल च्या शेजारी बसतो आणि व त्याच्या मागे जातो. मायएसक्यूएल, म्हणजे वर्डप्रेसचा डेटाबेस, तोच क्रम पाळतं. उपाय माहीत होता. पीएचपीच्या (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) इंटल एक्स्टेन्शनमधला कोलेटर, म्हणजे भाषेप्रमाणे क्रम लावणारा, मराठीसाठी उघडायचा, त्याला ळ ची जागा ठाऊक असते. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये इंटलवर टिक केली, कोड लिहिला, ब्राउझर रिफ्रेश केला. काळदुर्ग पुन्हा वरच.

दोन तास मी कोलेटरला शिव्या घातल्या. लोकेल बदलून पाहिलं, आवृत्ती तपासली. शेवटी उत्तर बाहेर पडण्याच्या आधीच्या ओळीवर यादी लॉगमध्ये छापली, तर तिथे कावनई वर, काळदुर्ग खाली, एकदम शहाण्यासारखे. म्हणजे सर्व्हरवर क्रम बरोबर होता आणि ब्राउझरमध्ये बिघडत होता.

झालं होतं असं. मी नावं टर्मच्या आयडीवर टांगून कोलेटरच्या ‘एसॉर्ट’ने लावली होती. तो क्रम बदलतो, पण ‘की’ (इथे नावाला चिकटलेला आयडी) जशाच्या तशा ठेवतो. या ‘की’ ०, १, २ अशा ओळीने नसल्या तर पीएचपी जेसनमध्ये यादीऐवजी ऑब्जेक्ट लिहितं. आणि जावास्क्रिप्ट ऑब्जेक्टमधल्या पूर्णांक ‘की’ चढत्या क्रमानेच फिरवतं, तुम्ही कशाही लिहा. काळदुर्गाचा आयडी ८७, कावनईचा २१२. म्हणजे मला दिसत होता तो मी टॅग कोणत्या क्रमाने बनवले त्याचा इतिहास! नेमकी मी तपासत होतो ती जोडी दोन्ही चुकांमध्ये सारखीच दिसत होती, म्हणून फसलो. दुसरी जोडी पाहिली असती तर दहा मिनिटांत सुटलं असतं. शेवटी ‘अ‍ॅरे व्हॅल्यूज’ची (जुन्या ‘की’ टाकून ०, १, २ अशा नव्या देणारं फंक्शन) एक ओळ घातली आणि संपलं.

प्रत्येक वर्गापुढे त्यातल्या नोंदींचा आकडा येतो, त्या आकड्यांचं लवकर निपटलं. जिल्हे हे माझे वर्ग आणि तालुके त्यांच्या पोटातले वर्ग. नाशिक जिल्ह्यापुढे ० दिसत होता, कारण नोंदी इगतपुरीसारख्या तालुक्यांना जोडलेल्या होत्या आणि पोराची संख्या बापात धरली जात नाही. ‘पॅड काउंट्स’ चालू केलं की धरली जाते. एकच नोंद जिल्हा आणि तालुका दोन्हींना जोडलेली असेल तर ती दोनदा मोजत नाही, हे मुद्दाम करून पाहिलं.

मग जुळी भावंडं. यादीत ‘ॲडव्हेंचर’ ५ आणि त्याखाली ‘अॅडव्हेंचर’ ३. दिसायला सारखी, टर्म दोन. पहिल्यात ॲ हे एकच अक्षर आहे, ते युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुसऱ्यात साध्या अ वर वेगळा चंद्र चढवलेला आहे. माझा फोन पहिलं लिहितो, जुन्या लॅपटॉपचा कीबोर्ड दुसरं. मला वाटलं युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी लिखाणं एकसारखी करणं) लावलं की दोन्ही एक होतील. ‘दऱ्या’मधल्या ऱ्य च्या बाबतीत तसं होतंही: र खाली नुक्ता दिलेला असेल तर तो मुकाट्याने एका अक्षराचा ऱ होतो. पण ॲ ला ही सवलत नाही. युनिकोडच्या लेखी ती दोन वेगळी लिखाणं आहेत. म्हणून टर्म साठवण्याआधीच्या ‘प्री इन्सर्ट टर्म’ या फिल्टरमध्ये सरळ बदली लिहिली: अ आणि चंद्र दिसले की ॲ कर. जुन्या टर्म हाताने एकत्र केल्या. रविवारची दुपार त्यात गेली, चहा दोनदा गार झाला.

आणि शीर्षकातला ड. एन्डपॉइंटमधून स्लग (टर्मच्या वेब-पत्त्यात येणारं तिचं नाव) टक्का-चिन्हांच्या माळेसारखे येतात, वाचवत नाहीत, म्हणून मी ते उलगडून पाठवायला लागलो. ‘पावसाळ्यात जाण्यासारखे गड’ या टॅगचा स्लग उलगडला तर ‘पावसाळ्यात-जाण्यासारखे-ग’. आधी वाटलं मीच टायपिंगमध्ये खाल्लं. मग हिशोब मांडला. देवनागरीतलं एक चिन्ह म्हणजे ३ बाइट, आणि स्लगमध्ये प्रत्येक बाइट टक्का-चिन्ह धरून ३ अक्षरं घेतो. म्हणजे एका चिन्हाला ९. काना, मात्रा, हलन्त सगळ्यांचं वेगळं तिकीट. ‘पावसाळ्यात’ची १० चिन्हं, ‘जाण्यासारखे’ची ११, मिळून १८९. दोन जोडरेघा, १९१. ग चे ९ धरून बरोबर २००, आणि वर्डप्रेस २०० वर कापतं. ड दारातच राहिला. रोमन लिपीत हाच स्लग आरामात बसला असता. मराठीत फार तर २२ चिन्हं. आता नवीन टॅग बनवताना स्लग मी हाताने रोमन लिपीत देतो. मनाला पटत नाही, पण टक्क्यांची माळ व्हॉट्सॲपवर पाठवण्यापेक्षा बरं.

आत्ता तिन्ही टॅक्सॉनॉमी एका फेरीत उतरतात. उरलंय ते कॅशचं, म्हणजे पुन्हा पुन्हा देण्यासाठी साठवून ठेवलेल्या उत्तराचं. टर्म बदलली की कॅश पुसली जाते, पण नवी नोंद छापल्यावर फक्त आकडा बदलतो, तेव्हा जुनंच उत्तर जातंय. त्यासाठी दुसरा हुक धरावा लागेल. आणि कापले गेलेले ६ जुने स्लग. नोंदीचा स्लग बदलला तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेतं, टर्मच्या बाबतीत तसं करत नाही. ‘ग’ वाला दुवा आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये गेल्या जूनपासून पिन केलेला आहे. जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारा रीडायरेक्ट लिहून होईपर्यंत त्याला हात लावत नाही.