आमची वाटचाल: आधी झाडं मोजायची, मग भाव बोलायचा

देवरुखला आमचं छोटं ऑफिस आहे. काम एकच, संगमेश्वर, चिपळूण, लांजा या पट्ट्यातली डोंगरउताराची झाडीची रानं मोजायची, किंमत काढायची आणि मालकाला पटलं तर विकून द्यायची. प्लॉट, बंगले, आंब्याच्या बागा यात आम्ही पडत नाही. वडील सॉ मिलला माल पुरवायचे, त्यामुळे उभं झाड बघून त्यात किती लाकूड निघेल हे घरातच शिकलो, आणि त्याच धंद्यात एक गोष्ट सारखी घडताना बघितली जिच्यामुळे पुढे ही फर्म काढली.

कसं व्हायचं, कुटुंब मुंबईला, गावाला वीस-पंचवीस एकर वरकस, म्हणजे भात न होणारी डोंगरउताराची जमीन, दोन पिढ्या तिकडे कोणी फिरकलेलं नाही त्यामुळे रान आपोआप माजलेलं. गिऱ्हाईक येतं, म्हणतं डोंगर आहे, पिकत काही नाही, एकराला इतके देतो. चाकरमानी हो म्हणतो. खरेदीखत झालं की पुढच्या उन्हाळ्यात तोड, आणि सगळे पैसे लाकडातच वसूल, जमीन फुकटात. कायद्यात याला चोरी म्हणत नाहीत, पण मला ते कधीच पटलं नाही. म्हणून झाडं मोजल्याशिवाय आम्ही भाव बोलत नाही, मालक कितीही घाईत असला तरी.

मोजायचं कसं ते सांगतो, कारण मालकाला हे माहीत असायलाच हवं. जमिनीपासून साडेचार फुटांवर टेप गुंडाळून घेर घ्यायचा, सरळ खोड किती ते बघायचं, वर निमुळतं होतं त्याची वजावट धरायची. बाजारात घनफूट काढतात ते घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग गुणिले लांबी. म्हणजे मध्यावर 4 फूट घेर आणि 10 फूट लांबी असेल तर 10 घनफूट. पण गोल लाकडाचं खरं घनफळ पावणेतेराच्या आसपास येतं, म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त लाकूड हिशोबात धरलंच जात नाही. साल आणि चिरताना जाणारा भुसा यात ते जातं असं व्यापारी सांगतो, बरंचसं खरंही आहे, पण मालकाला निदान कळू तर दे ना!

मग प्रत्येक झाडाची तऱ्हा वेगळी. सागाला आतला गाभा किती आणि बाहेरचं पांढरं लाकूड किती हे बघावं लागतं. ऐन, किंजळ वरून धडधाकट दिसतात आणि आत पोकळ निघतात, म्हणून कोयत्याच्या मुठीनं ठोकून आवाज ऐकायचा. खैर बारीक दिसला म्हणून सोडायचा नाही, कात गाभ्यातूनच निघतो आणि चिपळूण-सावर्डे भागात कातवाले बसलेलेच आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्रक कुठपर्यंत येतो. उत्तम साग खोल पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे असेल तर काढणीचा खर्चच अर्धी किंमत खातो.

झाडांनंतर कागद, आणि खरं डोकं इथे लागतं. सातबारावर अजून आजोबांचं नाव, वारसनोंद नाही, आत्यांची नावं घातलेली नाहीत, सामाईकात चाळीस जण. हे सगळं आधी सरळ करून घेतो, त्यात महिने जातात. मग सातबाराच्या इतर हक्काच्या रकान्यात वनाचा शेरा आहे का ते बघायचं. खाजगी वनं संपादनाचा कायदा 30 ऑगस्ट 1975 पासून लागू झाला आणि त्यात अनेकांची रानं सरकारजमा झाली. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टानं गोदरेजच्या केसमध्ये सांगितलं की वनाची नुसती जुनी नोटीस निघाली, मालकाला बजावलीच नाही, तर तेवढ्यावर जमीन खाजगी वन ठरत नाही. पण म्हणून शेरा आपोआप जात नाही, तो असला की आम्ही वकिलाकडे पाठवतो, विकायला घेत नाही. घेणारा शेतकरी असावा लागतो, एका कुटुंबाला जिरायत 54 एकरांची मर्यादा, त्यामुळे मोठा तुकडा बऱ्याचदा दोन-तीन जणांत जातो. तोडीचं पण तसंच, साग, खैर, ऐन, किंजळ ही 1964 च्या झाडतोडीच्या कायद्याच्या यादीतली झाडं, परवानगीशिवाय हात लावायचा नाही, नंतर वाहतूक पास.

एक काम अजून मनात आहे. तीन भाऊ, दोघं डोंबिवलीला, धाकटा गावात. एकरी दरावर व्यवहार जवळजवळ ठरलेला. आम्ही झाडांची यादी काढून धाकट्याच्या पडवीत वाचून दाखवली तेव्हा थोरले म्हणाले, "अरे, हा साग तर अण्णांनी लावलेला, आम्हाला वाटलं कधीच तोडून नेला असेल कोणी." व्यवहार थांबला. वरची बाजू त्यांनी विकली, झाडांची किंमत वेगळी लावून, आणि खालचा पऱ्यालगतचा भाग ठेवला, कारण अख्ख्या वाडीला मे महिन्यात पाणी त्याच झऱ्याचं. आमचं कमिशन त्यात कमी झालं, पण पऱ्यालगतची झाडी विकू नका हे मीच सांगितलं होतं आणि आजही प्रत्येकाला सांगतो. सगळं उघडं केलं की पहिल्या दोन पावसात माती खाली येते, भातखाचरं भरतात.

आता मुलगी पण कामात आलीये, ती प्रत्येक झाडाचं जीपीएस घेते, फोटो लावते, त्यामुळे मुंबईत बसलेल्या भावाला पण मोबाईलवर कळतं कुठलं झाड कुठे आहे. हद्दीची मोजणी मात्र भूमी अभिलेखचीच लागते, त्याला पर्याय नाही.

रानातलं काम आम्ही दिवाळीनंतर घेतो ते मे अखेरपर्यंत, पावसात शिरता येत नाही. येताना ताजा सातबारा, आठ अ म्हणजे खातेउतारा, असतील तेवढे जुने फेरफार आणि गट नकाशा घेऊन या. कोणाला शब्द दिला असेल किंवा इसार घेतला असेल तर ते पहिल्यांदा सांगा.