समुद्राच्या तळाशी ठेवलेला साठा

लेखापरीक्षणाच्या कामाला लागल्यानंतर दुसऱ्याच वर्षी मला कोकणातल्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात वर्षअखेरच्या साठ्याची मोजणी करायला पाठवण्यात आले होते. शीतगृहात उणे 18 अंश तापमान होते. जाड कोट घालून मी आत गेलो, दाराजवळच्या रांगांतले खोके मोजले, त्यांतले चार-दोन उघडून आतली कोळंबी पाहिली आणि थोड्याच वेळात बोटांना पेन धरवेना. "साहेब, आत फार वेळ थांबू नका, आजारी पडाल," असे तिथला कामगार काळजीने म्हणाला. मागच्या रांगांचे आकडे मी कारखान्याच्या नोंदवहीतून उतरवून घेतले. त्या रांगांत नोंदवहीइतका माल कधीच नव्हता, हे पुढच्या वर्षी उघड झाले. माझी सही असलेला तो कागद मी आजही विसरलेलो नाही, आणि म्हणूनच चीनमधल्या झांगझिदाओ या कंपनीची हकिकत मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा ती मला परदेशातली वाटली नाही.

झांगझिदाओ हे पीत समुद्राच्या उत्तर भागातले, डालियन शहराच्या प्रशासनाखालचे एक लहान बेट आहे. बेटाच्याच नावाची कंपनी 2006 मध्ये शेन्झेन शेअर बाजारात नोंदली गेली आणि 2008 च्या सुरुवातीला तिच्या शेअरचा भाव 150 युआनच्या वर गेला. कंपनीतला सर्वांत मोठा हिस्सा बेटाच्या सामूहिक मालकीच्या संस्थेकडे होता, त्यामुळे तिचे बरेवाईट हे बेटावरच्या प्रत्येक घराचे बरेवाईट होते. तिचे मुख्य उत्पादन स्कॅलप, म्हणजे पंख्याच्या आकाराचा, आत जाड पांढरा गर असलेला शिंपला. या शिंपल्यांची पिल्ले समुद्राच्या तळावर पेरायची, दोन-तीन वर्षे त्यांना निसर्गाच्या हवाली सोडायचे आणि मग बोटींनी तळावरून खरवडून ती काढायची, अशी ही पद्धत आहे. शेत आहे पण कुंपण नाही. माल आहे पण गोदाम नाही.

गुंतवणूकदाराच्या दृष्टीने खरी अडचण इथे सुरू होते. पेरलेल्या पिल्लांवरचा खर्च ताळेबंदात साठा म्हणून दाखवला जातो आणि ज्या क्षेत्रातले शिंपले काढले, त्या क्षेत्राचा खर्च त्या वर्षीच्या नफ्यातून वजा होतो. म्हणजे यंदा किती क्षेत्र खरवडले या एका आकड्यावर नफ्याचा मोठा भाग अवलंबून असतो, आणि हा आकडा भागधारकाला कळतो तो केवळ कंपनीच्या सांगण्यावरून. जास्त क्षेत्र खरवडून कमी क्षेत्राची नोंद केली, तर विक्री खरी राहते, खर्च लपतो आणि काढून झालेला माल कागदावर अजून समुद्रातच असतो.

ऑक्टोबर 2014 मध्ये कंपनीने जाहीर केले की असाधारण थंड पाण्याच्या लोटामुळे 10 लाख मूंहून (मू हे जमीन मोजण्याचे चिनी माप) अधिक, म्हणजे सुमारे 70,000 हेक्टर क्षेत्रातले शिंपले गेले. त्या तिमाहीत 81 कोटी युआनचा तोटा झाला. नियामकांनी त्या वेळी चौकशी केली, आणि पिल्लांची खरेदी व पेरणी यांत बनवाबनवी झाल्याचा पुरावा आपल्याला आढळला नाही, असे सांगितले. हे नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण पुढे जे सिद्ध झाले ते 2014 बद्दल नव्हते, आणि समुद्रात तापमानाच्या बदलाने जीव मरतात हेही खोटे नाही. तरीही बेटावरच्या लोकांचे समाधान झाले नव्हते. 2016 च्या जानेवारीत 2,000 हून अधिक रहिवाशांनी आपल्या नावानिशी सह्या आणि अंगठे देऊन तक्रार केली. ज्यांनी त्या पाण्यात आयुष्य काढले, त्यांना थंड पाण्याची गोष्ट पटत नव्हती. मला या तक्रारीचे मोल फार वाटते. लेखापरीक्षक वर्षातून काही दिवस येतो. बोट भरून आली की रिकामी, हे किनाऱ्यावरच्या माणसाला रोज दिसते.

कंपनीला 2014 आणि 2015 अशी लागोपाठ दोन वर्षे तोटा झाला होता. चीनच्या तेव्हाच्या नियमांनुसार अशा शेअरला विशेष इशाऱ्याची खूण लागत असे, आणि तिसरे वर्षही तोट्याचे गेले तर व्यवहार थांबवले जाण्याची वेळ येत असे. 2016 मध्ये कंपनीने नफा दाखवला. मग जानेवारी 2018 मध्ये नवी घोषणा आली: समुद्रात अन्न कमी पडल्यामुळे शिंपले उपासमारीने मेले. 2017 चा तोटा 72 कोटी युआनवर गेला. "शिंपले पळून गेले" हा वाक्प्रचार चीनमध्ये तोवर सर्वांच्या तोंडी बसला होता. त्यावर पुष्कळ लोक हसले, पण ज्याची बचत त्या शेअरमध्ये होती त्याच्यासाठी त्यात हसण्यासारखे काय होते, हे मला कधीच समजले नाही.

फेब्रुवारी 2018 मध्ये चीनच्या रोखे नियामक मंडळाने, म्हणजे आपल्याकडच्या सेबीसारख्या संस्थेने, औपचारिक चौकशी सुरू केली. समुद्रतळावरचे शिंपले मोजणे नियामकालाही शक्य नव्हते. त्यांनी बोटी मोजल्या. कंपनीच्या शिंपले काढणाऱ्या 27 बोटींवर बैदौ या चिनी उपग्रह प्रणालीची यंत्रे होती आणि त्यांच्या स्थानाच्या लक्षावधी नोंदी साठलेल्या होत्या. नियामकांनी या नोंदी दोन स्वतंत्र तज्ज्ञ संस्थांकडे दिल्या. बोट वेगाने जाते तेव्हा ती प्रवासात असते, आणि खरवडणी ओढत असते तेव्हा एकाच भागात सावकाश येरझाऱ्या घालते. या हालचालींवरून कोणत्या दिवशी कोणत्या पाण्यात खरोखर काम झाले, त्याचा नकाशा पुन्हा उभा करण्यात आला आणि तो कंपनीच्या हिशेबाशेजारी ठेवण्यात आला.

दोन्हींत मेळ नव्हता. 2016 मध्ये बोटींनी प्रत्यक्ष खरवडलेले क्षेत्र वह्यांतल्या क्षेत्रापेक्षा 1 लाख 39 हजार मूंनी, म्हणजे जवळपास 9,300 हेक्टरांनी जास्त निघाले. एवढ्या क्षेत्राचा सुमारे 6 कोटी युआनचा खर्च त्या वर्षी दाखवलाच नव्हता. त्याखेरीज आणखी सुमारे 7 कोटी 11 लाख युआनचे नुकसान नोंदवण्याचे टाळले होते. मिळून 13 कोटी 11 लाख युआनचा नफा फुगवलेला होता, आणि जाहीर केलेल्या करपूर्व नफ्याच्या तो 158 टक्के होता. म्हणजे खरे पाहता ते वर्षही तोट्याचेच होते. 2017 मध्ये उलट दिशेने हात फिरवला गेला. बोटींनी आधीच काढून नेलेल्या पाण्याचे तुकडे मेलेल्या शिंपल्यांच्या क्षेत्रात धरले गेले आणि त्या वर्षीचा तोटा सुमारे 27 कोटी 87 लाख युआनने वाढवून दाखवला गेला. जे शिंपले बोटीवर चढून बाजारात गेले होते, ते उपासमारीने मेल्याचे भागधारकांना सांगण्यात आले.

या सगळ्यात मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. दर शरद ऋतूत कंपनी तळावरच्या शिंपल्यांची नमुना पाहणी करत असे, आणि 2017 च्या पाहणीत 120 ठिकाणी नमुने घेतल्याचे तिने जाहीर केले होते. त्यांपैकी 60 ठिकाणी प्रत्यक्षात पाहणी झालीच नव्हती, असे नियामकांच्या निष्कर्षात आहे. वाईट वर्ष लपवणे हा एक अपराध आहे; पण गुंतवणूकदाराने शंका घेतली तर तिचे निरसन करण्यासाठी जी एकमेव व्यवस्था होती, तीच अर्धी काल्पनिक असणे, हे मला त्याहून गंभीर वाटते. माझ्या त्या शीतगृहातल्या मागच्या रांगा आणि ही 60 ठिकाणे यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडे कागदावर आकडा लिहिला गेला आणि तिथपर्यंत कोणी पोहोचले नाही.

जून 2020 मध्ये नियामक मंडळाचा निकाल आला. कंपनीला 6 लाख युआनचा दंड झाला, कारण जुन्या रोखे कायद्यात त्याहून जास्त दंडाची तरतूदच नव्हती. त्याच वर्षी मार्चपासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ही मर्यादा 1 कोटी युआनपर्यंत वाढली, पण हा गुन्हा आधीचा होता. अध्यक्ष वू होउगांग यांच्यावर रोखे बाजारात आजन्म बंदी आली, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये डालियनच्या न्यायालयाने त्यांना 15 वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

आपल्याकडे कोळंबी आणि मासळी निर्यातीच्या काही कंपन्या शेअर बाजारात आहेत, आणि जिवंत मालाच्या मूल्यांकनासाठी आपल्या लेखामानकांत स्वतंत्र मानकही आहे. पण तळ्यातली किंवा समुद्रातली संख्या शेवटी कोणीतरी अंदाजानेच ठरवतो. म्हणून अशा कंपनीचा वार्षिक अहवाल वाचताना मी आता नफ्यावर सर्वांत शेवटी येतो. माझे आजोबा तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख होते. बोटीचा हंगाम कसा गेला हे त्यांना मालकाच्या वहीतून समजावून घ्यावे लागत नसे. किती फेऱ्या झाल्या, किती डिझेल जळले, किती बर्फ भरला, खलाशांचा शिधा किती लागला, यांवरून ते सांगत. हे खर्च लपवणे कठीण असते, कारण त्यांची पावती दुसऱ्याच्या हातात असते. महाराष्ट्रात यांत्रिक बोटींच्या डिझेलवरच्या कराचा परतावा मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत मिळतो, म्हणजे डिझेलची नोंद बोटवाल्याच्या घराबाहेरही राहते. ऑगस्ट 2024 मध्ये पालघरहून देशभरातल्या 1 लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला. तिचा हेतू वादळात माणसे वाचवणे हा आहे आणि तोच पहिला असला पाहिजे. पण बोट कुठे होती, याची साक्ष त्यातून आपोआप साठत जाईल.

माझ्याकडे कोळंबी निर्यात करणाऱ्या एका कंपनीचे थोडे शेअर आहेत. यंदाच्या वार्षिक सभेसाठी मी तिला तीन प्रश्न लेखी पाठवले आहेत: वर्षअखेरीस तलावांतली कोळंबी कोणी मोजली, किती तलावांत प्रत्यक्ष जाळे टाकले, आणि ज्या तलावांत टाकले नाही त्यांचा आकडा कुठून आला.