'दिन'चा 'दीन'

लेकीची वही तपासत होते. फळ्यावरून उतरवताना 'दिन'चा 'दीन' झालेला. अर्थच पालटला! तेवढ्यात तिचा प्रश्न, "आई, नवा व्हेरियंट आला म्हणजे पुन्हा शाळा बंद?"

म्हटलं, विषाणूचंही असंच. कोरोनाच्या जनुकीय मजकुरात सुमारे ३० हजार अक्षरं. आपल्या पेशीत त्याच्या प्रती निघताना चुका होतातच. (चुका दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे आहे, तरी काही निसटतातच.) बहुतेक वाया जातात. एखादीमुळे मात्र तो जास्त पसरतो किंवा अँटिबॉडींना, म्हणजे शरीरातल्या विषाणू रोखणाऱ्या प्रथिनांना, चकवतो. असा बदललेला विषाणू म्हणजेच नवा व्हेरियंट. २०२१च्या ओमायक्रॉन व्हेरियंटच्या स्पाइक प्रथिनात (ज्याच्या मदतीने विषाणू पेशीत शिरतो) तर ३०हून जास्त बदल होते! तरी लशीने गंभीर आजारापासून बऱ्यापैकी वाचवलंच. म्हणून मी व्हेरियंटच्या नुसत्या नावाला घाबरत नाही. लोक किती आजारी पडताहेत ते बघते.

"मग माझा मार्क कापू नकोस," ती म्हणाली.