शेवटच्या लोकलनंतर: तोयोको लाइन जमिनीखाली गेली ती रात्र

तोयोको लाइन म्हणजे टोकियोतल्या शिबुयापासून योकोहामापर्यंतची २४.२ किलोमीटरची उपनगरी लोकल. १५ मार्च २०१३च्या रात्री शेवटची गाडी गेली, तेव्हा तिचा शिबुया ते दाइकानयामा या पुढच्या स्टेशनापर्यंतचा तुकडा जमिनीवरून जात होता. १६ तारखेच्या पहाटे पहिली गाडी धावली ती बोगद्यातून. मधे हातात होते साधारण साडेतीन तास आणि सुमारे १२०० माणसं. मी तेव्हा रूळकाम करणाऱ्या एका ठेकेदाराच्या तुकडीत होतो, दाइकानयामाच्या बाजूला. काम गेज (दोन रुळांमधलं अंतर) आणि लेव्हल तपासायचं. त्या रात्रीची चित्रफीत पुढे जगभर फिरली आणि जपानी जादू म्हणून गाजली. रुळावर काम केलेला माणूस तसं म्हणणार नाही. त्या रात्री घातला तो शेवटचा टाका. कापड आधीची कित्येक वर्षं शिवलं जात होतं, तेही अंगात घातलेलं असताना.

फुकुतोशिन ही मेट्रो १४ जून २००८ला शिबुयापर्यंत आली. तिचं स्टेशन पाचव्या तळघरात. वास्तुरचना तादाओ आंदो यांची, आणि पुढेमागे तोयोकोला जोडायचं हे आधीपासून ठरलेलं. तोयोकोच्या गाड्या मात्र दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरच्या जुन्या टर्मिनसमध्येच येत होत्या. शिबुया आणि दाइकानयामा यांच्यात अंतर जेमतेम दीड किलोमीटर, आणि तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून पाचव्या तळघरात उतरायचं. शेजारी मोकळी जागा असती तर तात्पुरते रूळ टाकून वाहतूक तिकडे वळवली असती आणि मूळ जागेवर निवांत खणलं असतं. दाइकानयामाला रुळांना खेटून घरं आणि दुकानं. म्हणून चालत्या गाडीच्या बरोबर खाली खणायचं ठरलं. तिकडे या पद्धतीला थोडक्यात 'स्ट्रम' म्हणतात.

खरी मेहनत इथे होती. गाड्या बंद असतात ते रात्रीचे तीन-चार तास, त्यातला आवराआवरीचा वेळ वजा करून हातात राहतं ते आपलं. तेवढ्यात रुळाच्या दोन्ही कडांना खांब उतरवायचे. मग थोड्या लांबीतली खडी आणि स्लीपर (रुळांखालचे आडवे आधार) काढून रुळाखाली लोखंडी गर्डर सरकवायचा, त्याचा भार खांबांवर घ्यायचा आणि पहाटेच्या आत रूळ पूर्ववत करायचा. एका रात्रीत किती लांबी घ्यायची ते पहिली गाडी ठरवते, इंजिनिअर नाही. असे गर्डर एकामागून एक बसले की रूळ जमिनीवरून सुटतो आणि खालची माती दिवसाढवळ्या काढता येते. वर आठ डब्यांची गाडी कमी वेगाने जाते आणि खाली माणसं बोगद्याचं काँक्रीट ओतत असतात.

गर्डरवरच्या रुळाची देखभाल वेगळी असते. खडीवरचा रूळ बसला तर खडी ठोकून उचलता येतो. गर्डरवर खडीच नाही. तिथे रूळ आणि आधार यांच्यामध्ये मिलिमीटरच्या हिशोबात पातळ लोखंडी पट्ट्या सारायच्या. खाली खोदकाम चालू असल्याने खांब कमी-जास्त बसतात, त्यामुळे हे काम कधी संपत नाही. आज बरोबर असलेली लेव्हल पुढच्या आठवड्यात बरोबर असेलच असं नाही. बोल्टांचंही तेच. गाडीच्या हादऱ्याने ते ढिले होतात, म्हणून प्रत्येक बोल्टवर रंगाची रेघ मारतात. रेघ मोडलेली दिसली की बोल्ट फिरला.

जुना रूळ आणि नवा उतार एकाच ठिकाणाहून सुरू होतात आणि पुढे दुरावत जातात. त्यामुळे त्या रात्रीचं कामही जागेप्रमाणे तीन तऱ्हांचं होतं. दाइकानयामा स्टेशनालगत फरक थोडा, तिथे खडी उपसून रूळ खाली घ्यायचा. जरा पुढे फरक वाढतो, तिथे गर्डर रुळासकट जॅकवर पेलून खाली उतरवायचा. त्याही पुढे नवा रूळ बोगद्यात आधीच टाकून तयार, फक्त वरचे गर्डर गाडीच्या माथ्याला अडणारे. ते उलट वर उचलून वाट मोकळी करायची. सर्वांत कटकटीचा पट्टा पहिला. जॅकचं काम दिसायला मोठं असतं, पण त्याचं गणित आधी करून ठेवता येतं. खडी उपसायला माणसं आणि फावडी लागतात, आणि फूटभर रुंदीच्या जागेत चौघं उभे राहिले की पाचव्याचा उपयोग नसतो.

शेवटची गाडी गेली म्हणून कोणी रुळावर उडी मारत नाही. आधी नियंत्रण कक्षाकडून ब्लॉक मिळाल्याचा निरोप. तो उलट म्हणून दाखवायचा, वेळेसकट. मग ओव्हरहेडचा १५०० व्होल्टचा पुरवठा बंद. बंद झाला हे फोनवरून ऐकून भागत नाही, तपासणीच्या काठीने वायरला प्रवाह नसल्याचं बघायचं आणि ती रुळाशी जोडून अर्थ करायची. त्यानंतर पहिला पाना बाहेर येतो. प्रत्येक हत्याराला नंबर असतो. आत जाताना मोजणी, बाहेर येताना मोजणी, आणि एक जरी कमी भरलं तरी ब्लॉक सोडता येत नाही. १२०० माणसांच्या कामात ही मोजणीच वेळ खाते, म्हणून ती तुकडीनिहाय वाटून दिलेली असते.

अशा कामाच्या वेळापत्रकात एक ओळ ठळक असते: माघार घेण्याची शेवटची वेळ. त्या मिनिटापर्यंत एखादा जॅक अडला, एखादा भाग नियोजनाच्या मागे पडला, तर सगळं होतं तसं परत जोडून पहाटे जुन्याच रुळावरून गाडी सोडायची. ती वेळ उलटून गर्डर उतरायला लागले की मागचा रस्ता बंद. निर्णय तुकडीचा मुकादम घेत नाही. सगळीकडचे आकडे एका ठिकाणी जातात आणि तिथून एकच उत्तर येतं. आपल्याकडच्या कामांतही अशी वेळ कागदावर असते. फरक असा की तिथे ती वेळ आली की लोक खरंच हात थांबवून उत्तराची वाट बघतात.

जॅकच्या बाबतीत धोका असतो तो असमान उतरण्याचा. गर्डरच्या चारही कोपऱ्यांखालचे जॅक सारखे खाली यायला हवेत. एक कोपरा मागे राहिला की गर्डर पिळतो, भोकं जुळत नाहीत आणि बोल्ट जात नाही. म्हणून एका झटक्यात कोणी उतरवत नाही. थोडं उतरवायचं, थांबायचं, चारही मोजपट्ट्यांवरचे आकडे मोठ्याने वाचायचे, मग पुढचा टप्पा. जॅकखाली लाकडी ठोकळ्यांची चळत असते, ती उतरेल तशी एकेक ठोकळ्याने कमी करायची. जॅकने दगा दिला तर गर्डर फार तर एक ठोकळा खाली येतो.

आता माझ्या वाट्याचं काम. गेज १०६७ मिलिमीटर, म्हणजे आपल्या १६७६च्या ब्रॉडगेजपेक्षा पुष्कळ अरुंद. गेजबार टाकून अंतर आणि आडवी लेव्हल एकदमच वाचता येते. एक वाचतो, दुसरा उलट म्हणून लिहितो. वळणावर दोरी. बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला १० मीटरची दोरी ताणून धरायची आणि मधोमध दोरी ते रूळ हे अंतर मिलिमीटरमध्ये घ्यायचं. १२५०० भागिले वळणाची त्रिज्या मीटरमध्ये, हे येणारं उत्तर. त्रिज्या २५० मीटर असेल तर ५० मिलिमीटर. भारतीय रेल्वेत २० मीटरची दोरी वापरतात, म्हणून त्याच वळणाला २०० मिलिमीटर येतात. इकडची सवय असलेल्या माणसाला सुरुवातीला तिथले आकडे फारच किरकोळ वाटतात आणि पाचेक मिलिमीटरची चूक नजरेतून सुटते. एकाच ठिकाणचा आकडा बरोबर असून भागत नाही. लगतच्या दोन आकड्यांतला फरक जास्त झाला तर गाडीला तिथे धक्का बसतो. उतार सुरू होतो त्या सांध्यावर उभ्या वळणासाठी हीच पद्धत, फक्त दोरी रुळाच्या माथ्यावर.

जोडावरची फट हा आणखी एक विषय. २५ मीटरचा रूळ तापमान एका अंशाने वाढलं की सुमारे ०.२९ मिलिमीटर लांबतो. तीस अंशांचा फरक पडला तर साडेआठ मिलिमीटर. मार्चच्या थंड पहाटे रूळ कापून जोडताना फट शून्य ठेवली, तर उन्हाळ्यात रुळाला वाढायला जागाच राहणार नाही. पण बोगद्यात ऋतूंचा फरक कमी जाणवतो. म्हणून उघड्यावरून आत जाणाऱ्या या तुकड्यात सगळीकडे एकच फट ठेवून चालत नाही. रुळाला चिकटवलेला थर्मामीटर बघून तक्त्यातला आकडा घ्यायचा आणि तेवढ्या जाडीची पट्टी जोडात घालून मगच फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी, आवळायची.

रूळ खाली गेला की ओव्हरहेड वायरही खाली घ्यावी लागते, नाहीतर गाडीच्या टपावरचा वीज घेणारा पेंटोग्राफ तिच्यापर्यंत पोचत नाही. दुसरीकडे सिग्नलवाल्यांची वेगळीच डोकेदुखी. रूळ हाच त्यांचा तारमार्ग, तो कापला की सर्किट तुटतं. जोडांवरच्या तांब्याच्या वायरी परत बसवल्याशिवाय तिथे गाडी उभी आहे असंच यंत्रणेला दिसतं आणि पुढचा सिग्नल मिळत नाही. कापताना उडालेला लोखंडी कीस इन्सुलेटेड जोडात (जिथे वीज मुद्दाम अडवलेली असते) अडकला तरी हेच होतं. रूळ कापणाऱ्यामागे ब्रश आणि लोहचुंबक घेतलेला माणूस चालतो, तो याचसाठी.

मुंबईकर इथे विचारतील, की मग ठाण्याचा पाच नंबरचा फलाट रुंद करायला २०२४मध्ये ६३ तासांचा ब्लॉक का लागला? तुलना सरळ होत नाही. ठाण्याला त्याच यार्डातून मेल-एक्स्प्रेसही जातात, आणि मुंबईची लोकल रात्री जेमतेम तीन तास झोपते. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तोयोकोवर रूळ हलवायच्या जागी आधार म्हणून जे काही लागणार होतं ते सगळं आधीच गाड्यांखाली बसवून झालं होतं. ब्लॉकसाठी फक्त न टाळता येणारं काम उरलं होतं.

पहाटे चाचणीची गाडी सावकाश गेली. तिच्यानंतर आम्ही परत मोजलं, कारण गाडीच्या वजनाने नवी खडी थोडी बसतेच. मग प्रवाशांची पहिली गाडी. त्याच दिवसापासून योकोहामाच्या मोतोमाची-चुकागाईहून निघालेली गाडी शिबुयात न संपता फुकुतोशिन लाइनवर शिरून थेट सेइबु लाइनच्या हान्नोला किंवा तोबु लाइनच्या शिन्रिन-कोएनला जाऊ लागली. पाच कंपन्यांच्या लाइन एकमेकींना जोडल्या गेल्या. फास्ट गाड्यांसाठी दहा डबे आले, स्लो आठ डब्यांच्याच राहिल्या. नाका-मेगुरोहून हिबिया मेट्रोत जाणाऱ्या थेट गाड्या मात्र त्याच रात्री बंद झाल्या. हिबियाचे डबे तेव्हा १८ मीटरचे होते, तोयोकोचे २० मीटरचे चार दारांचे. फलाटावर दारं बसवायची तर दोन्ही जुळवणं अशक्य होतं.

प्रवाशांनी सगळंच गोड मानून घेतलं नाही. जुन्या टर्मिनसमध्ये रिकामी गाडी मिळायची, रांगेत उभं राहिलं की बसायला जागा नक्की. आता गाडी पलीकडूनच भरून येते. गिन्झा मेट्रो तिसऱ्या मजल्यावर आणि तोयोको पाचव्या तळघरात, म्हणजे गाडी बदलणाऱ्याचे पाय मोडले. त्यांची तक्रार रास्तच होती.

गाड्या चालवणाऱ्यांपुढे वेगळाच प्रश्न आला. सेइबुवर काही अडलं की उशीर योकोहामापर्यंत पोचतो. तेव्हा नियंत्रण कक्ष थेट सेवा तोडतो आणि शिबुयाच्या चार रुळांपैकी मधल्या दोहोंवरून गाड्या परत फिरवतो. उशीर आवरतो, पण एका कंपनीची गाडी दुसरीच्या लाइनवर अडकून पडते, कुठे दहा डब्यांच्या वेळेला आठ डबे येतात. एकमेकांच्या रुळांवर धावण्याचा हिशोब या कंपन्या शक्यतो डब्यांच्या किलोमीटरमध्ये बरोबरीत ठेवतात. म्हणून गोंधळ निवळल्यावरही पुढे काही दिवस सेइबुचा रेक विनाकारण तोयोकोवरच फेऱ्या मारताना दिसला, तर समजायचं की उधारी फेडणं चालू आहे.