श्वास मोजण्याची परीक्षा

ठाण्यातील एका नर्सिंग महाविद्यालयात मी शिकवते, आणि केवळ लेखी पेपरवर माझा आता पूर्वीइतका विश्वास राहिलेला नाही. 'मोजमापाची विश्वसनीयता म्हणजे काय?' या संशोधनाच्या प्रश्नाला व्याख्या (तीच गोष्ट पुन्हा किंवा दुसऱ्या कोणी मोजली तरी आकडा सारखाच येणे) अचूक लिहिणारी विद्यार्थिनी वॉर्डात टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वसन यांच्या नोंदींचा तक्ता, भरताना ओळीने चार रुग्णांचा श्वसनदर २० लिहून मोकळी होते.

म्हणूनच मी परीक्षेसाठी श्वसनदर मुद्दाम निवडते. प्रौढ व्यक्तीचा दर मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. तो पूर्ण मिनिटभर आणि रुग्णाच्या नकळत मोजायचा असतो, कारण त्याचे लक्ष गेले की श्वास बदलतो. त्यासाठी नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचे नाही, नजर तेवढी छातीकडे न्यायची. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले, तर आकडा १६, २० किंवा २४ असाच येतो, आणि प्रकृती ढासळू लागताच लवकर बदलणारी ही खूण कागदावर मात्र जागची हलत नाही.

रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे मांडलेली ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षेची पद्धत, ज्यात परीक्षक ठरलेल्या यादीवर खुणा करत गुण देतो, सर्वांना सारखेच काम आणि सारखाच वेळ देते, ही तिची मोठी जमेची बाजू आहे. परंतु 'श्वसनदर मोजला' या ओळीपुढे खूण केल्याने आकडा खरा होता की नाही हे कळत नाही.

यंदा मी दोघींना एकाच रुग्णाचा श्वसनदर पाठोपाठ मोजून आकडे वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहायला सांगितले. पहिली म्हणाली, "आजोबा, तुमचा श्वास मोजते हं." ते ऐकताच मुरबाडहून आलेले ते आजोबा सावरून बसले आणि संथ, खोल श्वास घेऊ लागले. तिच्या चिठ्ठीवर १८ होते. काही न बोलता मनगट धरून उभ्या राहिलेल्या दुसरीच्या चिठ्ठीवर २५. हा फरक कशामुळे, असे विचारताच पहिली क्षणभर थांबून म्हणाली, "मॅडम, मी सांगून मोजला, हिने न सांगता. आमची पद्धतच एक नव्हती, मग आकडे कसे जुळतील?" तिचे मोजमाप चुकले होते, तरी या उत्तराला मी पूर्ण गुण दिले, कारण व्याख्येतली विश्वसनीयता तिला खाटेजवळ उभी राहून दिसली होती.

सकाळच्या चार्टवर २० लिहिलेले होते. आम्ही तिघींनी थोड्या वेळाने पुन्हा मिनिटभर मोजले, २६ ही नोंद वेळेसह केली आणि लगेच वॉर्डच्या सिस्टरांना जाऊन सांगितले.