न्यू ऑर्लिन्स: बाल्कन्या स्पॅनिश, कढई फ्रेंच

लोखंडी जाळीच्या बाल्कनीखाली उभं राहून काढलेला फोटो आणि त्याखाली 'अमेरिकेतलं पॅरिस'. फ्रेंच क्वार्टर या गावाच्या जुन्या भागात आलेला मराठी माणूस हे टाकल्याशिवाय परत जात नाही, आणि इथे राहणाऱ्या माझ्यासारख्याला दर वेळी तीच चिडचिड होते. मागची भिंत फ्रेंच नाही हो. 1718 मध्ये ब्यांव्हीलने वसवलेलं फ्रेंच गाव 1788 च्या गुड फ्रायडेला जळालं, 856 इमारती गेल्या. उरलंसुरलं होतं त्यातलं बरंच 1794 च्या आगीने नेलं. त्या वेळी राज्य स्पेनचं, म्हणून नवं बांधकाम स्पॅनिश वळणाचं झालं: विटांच्या जाड भिंती, रस्त्याला लागून दारं आणि आत चौक. बिडाच्या नक्षीदार जाळ्या तर आणखी पन्नासेक वर्षांनी, 1850 च्या सुमारास, जॅक्सन स्क्वेअरच्या दोन्ही अंगांना पोन्ताल्बा इमारती उभ्या राहिल्यावर फॅशनमध्ये आल्या. फ्रेंच अमदानीतलं म्हणून बोट दाखवायचं असेल तर 1753 चा अर्सुलिन कॉन्व्हेंट बघा. तो ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव मात्र 'शार्त्र' असं शुद्ध फ्रेंचमध्ये विचारू नका, कोणी रस्ता सांगणार नाही. इथे तो 'चार्टर्स' आहे. बर्गंडी रस्त्याच्या नावात जोर 'गं'वर, आणि 'काँती'चं झालंय 'कॉन्टाय'.

मग फ्रेंच राहिलं कुठे? जिभेवर, दोन्ही अर्थांनी. जुनी माणसं बाजारहाटाला 'मेकिंग ग्रोसरीज' म्हणतात. फ्रेंचमधलं 'फेअर सों मार्शे' जसंच्या तसं इंग्रजीत उचललेलं. भाजीवाली वर मूठभर कोथिंबीर टाकते ना, त्या वरच्या मापाला इथे 'लॅन्याप' म्हणतात. तो शब्द दक्षिण अमेरिकेतल्या क्वेचुआतून स्पॅनिशमार्गे आला आणि फ्रेंच स्पेलिंग लेऊन बसला. भाषा म्हणून फ्रेंच मात्र लुइझियाना या इथल्या राज्याच्या 1921 च्या राज्यघटनेने शाळांमधून हद्दपार केली. ती परत आणायला 1968 मध्ये 'कोडोफिल' ही सरकारी संस्था काढावी लागली. आता फ्रेंच माध्यमाच्या शाळा आहेत, आलियाँस फ्रान्सेजचे वर्ग आहेत, 14 जुलैच्या आसपास बॅस्टिल डे होतो. शिकायला सुरुवात करायला हरकत नाही, पण गावाचं खरं फ्रेंच स्वयंपाकघरात बसलंय.

सकाळ कॅफे द्यू मोंदपासून. 1862 पासून चालू आहे आणि रांग बहुधा तेव्हापासूनचीच असावी. पहाटे जा, नाहीतर सिटी पार्कमधल्या शाखेत जा. कॉफी 'ओ ले' घ्यायची: अर्धी दाट कॉफी, अर्धं तापलेलं दूध. तिची चव आपल्याला पहिल्याच घोटाला ओळखीची लागते, कारण त्यात चिकोरी आहे, माटुंग्याच्या उडप्याकडच्या फिल्टर कॉफीत असते तीच. नेपोलियनच्या काळात बंदरांची कोंडी झाली तेव्हा फ्रेंचांनी हे भाजलेलं मूळ कॉफीत मिसळायला सुरुवात केली. पुढे अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या नौदलाने न्यू ऑर्लिन्सची नाकेबंदी केली आणि इथेही तीच युक्ती कामी आली. युद्ध संपलं, चिकोरी राहिली. चिकोरीमुळे काढा काळा आणि जाड होतो, म्हणून दूध कमी घातलं तर कडवट लागतो. काळी कॉफी पिणाऱ्यांनी हट्ट करू नये.

सोबत बेन्ये, एका थाळीत तीन. यीस्टच्या पिठाची चौकोनी तळलेली पोळी, वर पिठीसाखरेचा डोंगर. घरी करायची तर पीठ सैलसर मळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, गार पीठ लाटायला सोपं जातं. पाव इंचाहून जाड लाटू नका, दोन-अडीच इंचांचे चौकोन कापा आणि तेल 185 ते 190 अंश सेल्सिअसवर ठेवा. फुगण्याचं गणित पुरीचंच आहे: आतल्या पाण्याची वाफ झटक्यात व्हायला हवी. तेल थंड असेल तर कवच आधी कडक होतं, वाफ कोंडत नाही आणि तेल पिऊन चपटा तुकडा हाती येतो. पुरीवर झाऱ्याने तेल उडवतो तसं उडवलं की वरची बाजूही फुगते. खाताना दोन गोष्टी: काळे कपडे नकोत आणि घास तोंडाशी नेताना श्वास आत ओढायचा नाही. साखर सरळ घशात जाऊन ठसका लागतो.

आता मुख्य विषय, रू, म्हणजे इथल्या गंबो या रश्शाचा पाया. मैदा आणि स्निग्ध पदार्थ एकत्र भाजून रस्सा दाट करायची ही फ्रेंच युक्ती. फ्रान्समध्ये लोण्यात दोन-तीन मिनिटं भाजतात, रंग बदलू देत नाहीत, दूध ओततात, बेशामेल हा पांढरा सॉस तयार. लुइझियानात तीच गोष्ट तेलात पाऊण तास भाजून चॉकलेटच्या रंगावर नेतात. लोणी चालत नाही, कारण त्यातले दुधाचे कण तेवढा वेळ आचेवर टिकत नाहीत, जळतात. एक कप तेल, एक कप मैदा, तळ जाड असलेलं बिडाचं भांडं आणि टोकाला सपाट असलेला लाकडी उलथना. गोल डाव घेऊ नका, भांड्याच्या कडेच्या खाचेत मैदा बसतो आणि तिथूनच जळायला लागतो.

ज्याने बेसनाच्या लाडवाचं बेसन भाजलंय त्याला हे काम शिकवावं लागत नाही. सुरुवातीला मिश्रण घट्ट, हात जड. पाच-सात मिनिटांत फिका बदामी रंग आणि भाजक्या पिठाचा वास. वीस मिनिटांनी शेंगदाण्याच्या कुटासारखा रंग, आणि बेसन तूप सोडून हलकं होतं तसंच हेही सैल पडतं, उलथन्यामागे पातळ वाहतं. इथे बहुतेक जण घाबरून थांबतात. थांबू नका, पण आच आणखी कमी करा, कारण यापुढे रंग झपाट्याने बदलतो. वास भाजक्या दाण्यांकडून कॉफीकडे वळला आणि रंग जुन्या तांब्याच्या नाण्याहून गडद झाला की झालं. या पाऊण तासात फोन उचलायचा नाही, दार उघडायचं नाही. काळे ठिपके दिसले तर सगळं फेकून द्या. तो कडूपणा कशानेही जात नाही. टोमॅटो, साखर, सगळं व्यर्थ. आणि सांभाळून: अंगावर उडालेला रू तेलासारखा ओघळत नाही, चिकटून भाजत राहतो.

भाजणं थांबवायला त्यात 'ट्रिनिटी' ढकलायची: कांदा दोन वाट्या, सेलरी आणि हिरवी ढबू मिरची एकेक वाटी. याच कामाच्या फ्रेंच मिश्रणात, मिरप्वामध्ये, मिरचीच्या जागी गाजर असतं. गाजराची जागा इथे मिरचीने घेतली. कांद्याचं पाणी सुटून चर्र होतं, तापमान उतरतं. मग कोमट स्टॉक (हाडं, टरफलं किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी) थोडाथोडा. एकदम ओतला तर तेल वर तरंगतं, मग पळीने काढत बसा. एवढ्या रूला दोन लिटर स्टॉक लागतो.

एक गोची आहे. रू जितका काळा, तितका त्याचा दाटपणा कमी, कारण एवढ्या भाजण्यात पिठातला स्टार्च मोडतो. म्हणून गंबोला दाट करायला दुसरं काहीतरी हवं, आणि इथेच फ्रेंच कढईत बाकीचं जग शिरतं. एक म्हणजे भेंडी. 'गंबो' हे नावच मुळात पश्चिम-मध्य आफ्रिकेतल्या बांटू भाषांतल्या भेंडीच्या शब्दावरून आलं असं मानतात. आधी वेगळी परतून चिकटपणा मारायचा, मग घालायची. हे आपल्याला कोणी सांगायला नको. दुसरी 'फिले', ससाफ्रास झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड, मूळ चॉक्टॉ लोकांची. ती गॅस बंद करून, ताटात वाढताना. उकळीत पडली की रस्सा तारा सोडतो. दोन्ही एकत्र घालू नका, लापशी होते.

दुकानात रू बरणीत तयार मिळतो आणि ट्रिनिटी चिरून फ्रीझरमध्ये. मोठमोठ्याने तत्त्वज्ञान सांगणारी मंडळी, मीसुद्धा, मंगळवार-बुधवारी तीच बरणी उघडतात.

शाकाहारी लोकांना गोड बोलून फसवण्यात अर्थ नाही: हे गाव अवघड आहे. सोमवारी घरोघरी होणारा लाल राजमा-भात ऐकायला आपला वाटतो, पण त्यात डुकराचं मांस असतं. भाजीच्या गंबोचा स्टॉक कोळंबीच्या टरफलांचा निघतो. 'मांस आहे का' एवढं विचारून भागत नाही, 'स्टॉक कशाचा' हे विचारा. होली थर्सडेला, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, डूकी चेझ या रेस्टॉरंटमध्ये मिळणारं 'गंबो झेर्ब' नऊ-नऊ पालेभाज्यांचं असतं (संख्या विषमच हवी, जितक्या भाज्या तितके नवे मित्र म्हणतात), पण त्यातही मांस आहेच. अंडं चालत असेल तर 'काला' शोधा, आंबवलेल्या भाताची गोड बोंडं. गुलामगिरीच्या काळात आफ्रिकन बायका ती रस्त्यावर विकायच्या आणि काहींनी त्या पैशांतून स्वतःची सुटका विकत घेतली.

6 जानेवारी ते मार्डी ग्रा (ईस्टरआधीचे उपवास सुरू होण्याच्या आदल्या दिवसाचा कार्निव्हल) हा किंगकेकचा मोसम. फ्रान्समधली गालेत म्हणजे बदामाचं सारण भरलेली पापुद्र्यांची चकती. इथला केक ब्रियोश या मऊ पावासारखा, कडं करून जांभळ्या-हिरव्या-सोनेरी साखरेने माखलेला. काही बेकऱ्या दोन्ही करतात, माझं मत गालेतला. केकमध्ये लपवायचं प्लॅस्टिकचं बाळ कोणाच्या घशात अडकू नये म्हणून बऱ्याच बेकऱ्या ते सुटं देतात. तुम्हीच खालून खुपसायचं. ज्याच्या तुकड्यात निघेल त्याने पुढचा केक आणायचा, त्यामुळे ऑफिसात फेब्रुवारीपर्यंत सुटका नाही.

शेवटी पाव. 1929 च्या ट्रामच्या संपात संपकऱ्यांना फुकट सँडविच खिलवताना 'पो बॉय' हे नाव पडलं. मागताना 'ड्रेस्ड' म्हणा, म्हणजे लेट्यूस, टोमॅटो, लोणचं आणि मेयोनीज येतं. त्याला लागणारा फ्रेंच ब्रेड सर्वांत जास्त पुरवणारी बेकरी 1896 मध्ये एका जर्मनाने काढलेली. कवच पापडासारखं फुटतं आणि आत कापूस, पॅरिसच्या बगेट पावासारखा चिवट नाही. इथली हवा मुंबईच्या जूनसारखी दमट, त्यामुळे दुपारपर्यंत कवच मऊ पडतं आणि दुसऱ्या दिवशी पाव वातड होतो. तेव्हा त्याचा पँ पेर्दू करा, शब्दशः 'हरवलेला पाव'. इंचभर जाड तुकडे, चार तुकड्यांना दोन अंडी, एक वाटी दूध, चमचाभर साखर, जायफळ. ताज्या पावासारखं नुसतं बुडवून काढलं तर मधे कोरडा राहतो. शिळ्याला प्रत्येक बाजूने दोन-तीन मिनिटं भिजू द्या, मग मंद आचेवर लोण्यात.