त्यातले माझे तेवढे द्या

६ मे २०२३, शनिवार. बँकेचं शटर वर जातं न जातं तोच पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्ष निर्यातदार, भाऊ, पेपराची घडी घेऊन माझ्या टेबलापाशी उभे.

"मॅडम, वाचलंत? तो रशियाचा परराष्ट्रमंत्री लावरोव्ह काल गोव्यात सांगून गेला, भारतातल्या बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत, वापरता येत नाहीत. अहो, मग त्यातले माझे तेवढे द्या की!"

हसले, पण उत्तर सुचेना.

रिझर्व्ह बँकेनं ११ जुलै २०२२ ला रुपयात व्यवहाराची वाट काढून दिली; त्यासाठी परदेशी बँकांची आपल्या बँकांत रुपयांतली खाती, म्हणजे व्होस्ट्रो खाती, उघडली गेली. पण २०२२-२३ मध्ये आपण रशियाकडून सुमारे ४६ अब्ज डॉलरचा माल घेतला, त्यात मुख्य तेल. विकला जेमतेम ३ अब्जांचा. थोडं जरी रुपयात फेडलं तरी ते रुपये खर्चायला त्यांनी आपल्याकडून घ्यायचं काय? द्राक्षं खाऊन खाऊन किती खाणार?

भाऊंच्या रशियन गिऱ्हाइकाच्या बँकेचं असं खातंच नव्हतं. पैसे आले दुबईच्या एका कंपनीकडून, दिरहममध्ये. तिसऱ्यानं पैसे भरलेले चालतात, करारात तसं लिहिलेलं असलं की झालं. होतंही लिहिलेलं. पण मुंबईच्या कम्प्लायन्सनं, म्हणजे आमच्या नियम तपासणाऱ्या विभागानं, बोट ठेवलं ते खरेदीदाराच्या नावावर. रशियन लिपीतला 'ख' इंग्रजीत जो तो आपल्या मनानं उतरवतो. शिपिंग बिलावर 'केएच', करारावर नुसता 'एच', दुबईच्या पत्रात 'एक्स'. शेरा आला: 'नावात तफावत.' एसीत बसून तफावत शोधणं सोपं असतं. इथे पॅकिंग क्रेडिटचं, म्हणजे माल पाठवण्याआधी घेतलेल्या कर्जाचं, व्याज चढत होतं आणि बागाईतदार भाऊंच्या ओट्यावर येऊन बसत होते.

कराराचं शेवटचं पान सहसा कुणी वाचत नाही. तिथे गोल शिक्क्यात बारीक अक्षरांत कंपनीचा दहा आकडी कर क्रमांक होता, आयएनएन. मोबाइलवर फोटो मोठा करून एकेक आकडा उतरवला. इनव्हॉइसवर तोच, दुबईच्या पत्रातही तोच. तीन स्पेलिंगं, कंपनी एक. तक्ता करून पाठवला. त्यावर मुंबईला अकरा दिवस लागले.

पुढच्या हंगामात भाऊंनी बिल थेट दुबईच्याच नावानं फाडलं. कंटेनर मात्र न्हावाशेव्याहून रशियातल्या नोव्होरोसिस्कलाच गेला. कागद बघताना मी काही बोलले नाही, तेच म्हणाले, "मॅडम, यात 'ख' कुठे नाही ना?"